अकोट्याचा जीवंतस्वामी

बडोदे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पश्चिम काठावर अकोटा नावाचा भाग आहे. विदर्भातले अकोट ते हे नव्हे. आज हा भाग बडोद्याच्या वस्तीत पुरता मिसळून गेला आहे; पण बाराशे वर्षांपूर्वी नाते नेमके उलटे होते. ज्या राष्ट्रकूटांची राजधानी पुढे आपल्या सीमाभागापासून फार दूर नसलेल्या मळखेडला झाली, त्यांच्या गुजरातेतील शाखेचा राजा कर्कराज सुवर्णवर्ष याने शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२ मध्ये एक ताम्रपट दिला. त्यात भानू नावाच्या ब्राह्मणाला वडपद्रक हे गाव दान दिल्याची नोंद असून, ते गाव 'अंकोट्टक चौऱ्याऐंशी' या चौऱ्याऐंशी गावांच्या समूहात मोडत असल्याचे म्हटले आहे. वडपद्रक म्हणजे आजचे बडोदे आणि अंकोट्टक म्हणजे अकोटा. थोरले गाव धाकट्याच्या पोटात गडप झाले आणि थोरल्याच्या कारभारातले खेडे राजधानी झाले.

या अकोट्याच्या पांढरीने १९५१ साली एक मोठा ठेवा बाहेर टाकला. जैन धातुमूर्तींचा हा साठा होता. अडुसष्ट मूर्ती आणि त्यांचे भाग, काळ साधारण पाचव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंतचा. बडोद्याचे विद्वान डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी त्यांचा अभ्यास केला आणि 'अकोटा ब्राँझेस' हा त्यांचा ग्रंथ १९५९ साली मुंबई राज्याच्या पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केला. भारतीय धातुशिल्पाचा इतिहास लिहिताना या साठ्याला वगळून कोणालाच पुढे जाता येत नाही.

या साठ्यातील एक मूर्ती प्रथमदर्शनीच बुचकळ्यात टाकते. उभी, हात खाली सोडलेले, कायोत्सर्ग मुद्रेतील ही मूर्ती तीर्थंकराची, हे उघड आहे. पण तीर्थंकर म्हणजे सर्वस्वाचा त्याग केलेला. इथे मात्र डोक्यावर उंच मुकुट आहे, कानांत कुंडले आहेत, दंडात बाजूबंद, मनगटात कडी आणि कमरेला धोतर. राजपुत्राचा सगळा साज आणि विरक्ताची मुद्रा! पीठावरच्या लेखाने हा गोंधळ दूर केला. चंद्रकुलातील नागीश्वरी या श्राविकेने दिलेली ही 'जीवंतसामी'ची प्रतिमा, असे त्यावर कोरलेले आहे. अक्षरवटिकेवरून ही मूर्ती सहाव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे इ.स. ५५० च्या सुमाराची ठरते. जीवंतसामी म्हणजे जीवंतस्वामी. स्वामी जिवंत असतानाच घडवलेली त्यांची प्रतिमा, असा या नावाचा अर्थ.

आता अडचण अशी, की परंपरेने महावीरांचे निर्वाण इ.स. पूर्व ५२७ मध्ये मानले जाते. नागीश्वरीची मूर्ती त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी घडली. महावीरांच्या हयातीतील कोणतीही प्रतिमा आज उपलब्ध नाही. मग नागीश्वरीच्या शिल्पकाराने हा मुकुट, ही कुंडले कोठून आणली? त्याच्यासमोर आदर्श म्हणून एखादी जुनी मूर्ती असेलही. पण त्या सगळ्यांच्या मागे उभी होती ती एक गोष्ट. तीच आधी पाहू.

पेटी, दासी आणि सोन्याचा पट्टा

ही कथा आवश्यकचूर्णीसारख्या जुन्या प्राकृत ग्रंथांत येते आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'च्या दहाव्या पर्वात ती सविस्तर सांगितली आहे. थोडक्यात ती अशी :

महावीर अजून राजवाड्यातच होते. दीक्षेपूर्वीच ते ध्यानाला उभे राहत. अंगावर अलंकार तसेच असत. विद्युन्माली नावाच्या देवाने त्यांचे ते रूप पाहून तशीच चंदनाची मूर्ती घडवली, पेटीत ठेवली आणि वादळात सापडलेल्या एका गलबतावरच्या लोकांच्या स्वाधीन केली. पेटी सिंधु-सौवीर देशातील वीतभय नगरीत पोहोचली. अनेकांनी आपापल्या देवाचे नाव घेऊन ती उघडू पाहिली. कुऱ्हाडी बोथट झाल्या. अखेर राजा उदायनाची राणी प्रभावती आली, तिने देवाधिदेवाची प्रार्थना केली आणि पेटी आपोआप उघडली.

राणीच्या पश्चात मूर्तीची पूजा एका कुबड्या दासीकडे आली. दिव्य गुटिकेच्या योगाने ती दासी रूपवती झाली. उज्जयिनीचा राजा चंडप्रद्योत तिच्यावर भाळला आणि तो दासीसह मूर्तीही घेऊन गेला. मूर्तीच्या जागी हुबेहूब दुसरी ठेवली. उदायनाने उज्जयिनीवर स्वारी केली, प्रद्योताला कैद केले आणि त्याच्या कपाळावर 'दासीपती' अशी अक्षरे डागली. परतीच्या वाटेवर पावसाळा लागला, म्हणून सैन्याने मुक्काम ठोकला. पर्युषणाचा दिवस आला. उदायनाचा उपवास, म्हणून आचाऱ्याने कैद्याला विचारले, 'आपल्याला आज काय रांधू?' प्रद्योताला विषाची शंका आली. तो म्हणाला, 'माझाही आज उपवास आहे. माझे आईवडील श्रावक होते.'

उदायनाने हे ऐकले. हा लबाड आहे, हे त्याला ठाऊक होते. तरीही तो म्हणाला, की लबाड असो वा खरा, हा बंधनात असेपर्यंत माझे पर्युषण शुद्ध होणार नाही. त्याने प्रद्योताला सोडले, त्याची क्षमा मागितली, आणि कपाळावरची अक्षरे झाकण्यासाठी त्याला सोन्याचा पट्टा बांधला.

पुढे उदायनाने दीक्षा घेतली, राज्य भाच्याला दिले, भाच्याच्या राज्यात त्याला विष घातले गेले आणि देवाच्या कोपाने वीतभय नगरी धुळीच्या वर्षावाखाली गाडली गेली. मूर्तीही तिथेच गाडली गेली, असे हेमचंद्र सांगतात.

चंडप्रद्योत हा बौद्ध वाङ्‌मयातूनही भेटणारा अवंतीचा राजा, आणि सिंधु-सौवीरच्या राजा उदायनाची दीक्षा भगवतीसूत्रातही येते. परंतु देवाने घडवलेली मूर्ती, आपोआप उघडणारी पेटी, धुळीचा पाऊस, हे सारे दंतकथेचे लेणे. इतिहासाचा विद्यार्थी इथे थांबतो आणि 'दंतकथा' असा शेरा मारून पान उलटतो. माझे म्हणणे असे, की पान उलटण्याची ही घाई अनाठायी आहे. कथेत सांगितलेले घडले की नाही हा एक प्रश्न झाला. कथेमुळे काय घडले हा दुसरा, आणि त्याची उत्तरे धातूत, दगडात आणि माणसांच्या वागण्यात शिल्लक आहेत.

कथेने काय करविले

पहिले उत्तर अकोट्याच्या मूर्तीतच आहे. तीर्थंकराच्या अंगावर दागिने चढवणे ही मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. ती करण्याचा अधिकार शिल्पकाराला या कथेने दिला. कथेतील महावीर अजून घरातच आहेत, म्हणून मुकुट चालतो. ते ध्यानस्थ आहेत, म्हणून मूर्ती पूज्य होते. ही कल्पना श्वेतांबर परंपरेची आहे. आपल्या सीमाभागातील जैन शेतकरी समाज बहुतांशी दिगंबर आम्नायाचा, त्यामुळे बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडच्या बस्तींत मुकुटधारी महावीर आढळायचे नाहीत. एकाच धर्माच्या दोन शाखांत एकीकडे ही कथा रुजली आणि दुसरीकडे नाही. मूर्तीही त्याप्रमाणे घडल्या.

दुसरे उत्तर नागीश्वरीचे. तिच्याविषयी त्या लेखापलीकडे काही हाती लागत नाही. राणी नाही, राजकन्या नाही. श्राविका एवढीच ओळख. परंतु कथेत पेटी उघडली ती एका स्त्रीच्या प्रार्थनेने आणि पुढे मूर्तीची सेवा केली ती एका दासीने. अशा कथेतील मूर्ती एका गृहिणीने आपल्या नावाने घडवून घ्यावी, यात मला मोठी सुसंगती दिसते. राजांच्या वंशावळींनी भरलेल्या त्या शतकातून एका सामान्य बाईचे नाव आपल्यापर्यंत आले, ते या गोष्टीचे बोट धरून.

तिसरे उत्तर प्रवासाचे. जैन ग्रंथांत उज्जयिनीच्या जीवंतस्वामीच्या रथयात्रेचे उल्लेख येतात. आर्य सुहस्ती हे आचार्य तिथे आले असता अशोकाचा नातू संप्रती याने त्यांना पाहिले आणि तो जैन धर्माकडे वळला, असे परंपरा सांगते. म्हणजे एका कथेने तीर्थ निर्माण केले आणि त्या तीर्थाने दुसऱ्या कथेला जन्म दिला.

चौथे उत्तर सर्वांत विलक्षण. बाराव्या शतकात गुजरातेत चौलुक्य राजा कुमारपाल राज्य करीत होता आणि हेमचंद्र हे त्याचे गुरू. आपल्या ग्रंथात हेमचंद्रांनी महावीरांच्या तोंडी एक भविष्य घातले आहे : पुढे कुमारपाल नावाचा राजा होईल, तो वीतभयाच्या धुळीत खोदकाम करवील, आणि त्याला ती मूर्ती व उदायनाने दिलेले शासनपत्र दोन्ही सापडतील; मूर्ती समारंभाने पाटणला आणली जाईल. स्वतःच्या काळातील घटना भविष्यवाणी म्हणून सांगण्याची ही रीत पुराणांच्या वाचकांना परिचित आहे. तेव्हा एका राजाने गोष्टीवर विश्वास ठेवून कुदळ-फावडी घेतलेली माणसे दूरदेशी पाठवली, एवढे यातून समजते. त्यांना काय मिळाले? काहीतरी मिळाले असणार. परंतु ते पाहताक्षणीच 'हाच तो जीवंतस्वामी' हे ठरून गेले असणार, कारण शोध सुरू होण्यापूर्वीच उत्तर तयार होते.

इथे अकोट्याची गोष्ट तिच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. अकोट्यात जीवंतस्वामी शोधायला कोणी निघाले नव्हते. मूर्ती आधी हाती आली. मग लेख वाचला गेला. मग त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यासाठी डॉ. शहांनी जुने प्राकृत ग्रंथ उघडले, आणि १९५१-५२ च्या सुमारास बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिराच्या नियतकालिकात जीवंतस्वामीवर लेख लिहिला. योगायोग पाहा : हेमचंद्रांच्या त्या प्रचंड ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद हेलन जॉन्सन या अमेरिकन विदुषीने केला आणि त्याचे सहा खंड १९३१ ते १९६२ या काळात सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतच निघाले. कथा आणि मूर्ती यांची गाठ अशी एका मराठी संस्थानाच्या विद्याव्यासंगाने घालून दिली. डॉ. शहांनीच पुढे वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीतील उत्तरकांडाचे संपादन केले. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. दंतकथेला मान देऊनही तिला पुरावा न मानणे कसे साधावे, याचा वस्तुपाठ या पिढीच्या कामात सापडतो.

कौशांबीपासून श्रवणबेळगोळपर्यंत

हे सारे जैनांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. बौद्धांतही अगदी अशीच कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाने बुद्धांच्या हयातीतच त्यांची चंदनाची मूर्ती करवली, असे ती सांगते. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू भारतातून परतताना त्या मूर्तीची प्रतिकृती घेऊन गेला. पुढे चोनेन हा जपानी भिक्षू चीनमध्ये आला, त्याने तिथे पूज्य असलेल्या अशाच मूर्तीवरून ९८५ साली नवी मूर्ती कोरवून घेतली आणि ती जपानला नेली. क्योटोच्या सेइर्योजी मंदिरात ती आजही आहे. यमुनेकाठच्या एका कथेने समुद्रापलीकडे लाकडाला आकार दिला.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या भागातून हजारो माणसे ज्या श्रवणबेळगोळला जातात, तिथला बाहुबली याच कुळातला. परंपरा सांगते, की भरत चक्रवर्तीने पोदनपुरात बाहुबलीची पाचशे पंचवीस धनुष्ये उंचीची मूर्ती उभारली होती. गंगांचा सेनापती चावुंडराय याच्या आईने, काळलदेवीने, तिच्या दर्शनाचा ध्यास घेतला. मायलेक निघाले, पण वाट कुक्कुटसर्पांनी अडवलेली. मग स्वप्नात दृष्टांत झाला, चावुंडरायाने समोरच्या डोंगराकडे बाण सोडला आणि तिथे मूर्ती प्रकट झाली. पोदनपुरातील ती मूर्ती कोणी पाहिलेली नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस एका अखंड पाषाणातून कोरलेली सुमारे सत्तावन्न फुटांची मूर्ती मात्र सर्वांना दिसते. न पाहिलेल्या मूर्तीने पाहता येण्याजोगी मूर्ती घडवली. तिच्या पायाशी कन्नड व तमिळबरोबरच 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे मराठी शब्द कोरलेले आहेत, आणि वर्षानुवर्षे मराठीतील आद्य शिलालेख म्हणून आपण ते शाळेत शिकत आलो. आता अक्षीच्या शिलालेखासारखे अन्य लेख त्याहून जुने मानले जातात. तरीही मराठीच्या अभिमानाची एक खूण कन्नड मुलखात, एका दंतकथेच्या पायाशी आहे, हे सीमाभागातील वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच डोंगरावर गुळ्ळकायज्जीची मूर्ती आहे. चावुंडरायाने घागरीमागून घागरी दूध ओतले तरी अभिषेक पुरा होईना. एका गरीब म्हातारीने फळाच्या करवंटीतून आणलेल्या चमचाभर दुधाने मात्र बाहुबली नखशिखांत न्हाला, अशी तिची गोष्ट. सेनापतीचा गर्व उतरवणाऱ्या या कथेतल्या म्हातारीलाही लोकांनी दगडात उभे केले. करविणाऱ्याच्या नावाचा लेख जितका खरा, तितकीच त्याला जमिनीवर आणणारी ही म्हातारीही लोकांना खरी वाटली.

डागणी आणि पट्टा

पाचवे उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवले. पर्युषणात, संवत्सरीच्या दिवशी, श्वेतांबर जैन परस्परांची क्षमा मागतात. 'मिच्छामि दुक्कडम्' हे शब्द आपल्या बाजारपेठांतील गुजराती दुकानदारांमुळे आपल्याही कानांवरून गेलेले आहेत. या क्षमापनेच्या महत्त्वासाठी जी उदाहरणे परंपरेने सांगितली, त्यांत उदायन आणि चंडप्रद्योत यांची कथा प्रमुख. पूर्वी गावोगावचे संघ दूरच्या आचार्यांना चातुर्मासाच्या निमंत्रणाचे आणि क्षमायाचनेचे सचित्र, लांबलचक विज्ञप्तिपत्र पाठवीत. अशा पत्रांवरचा हीरानंद शास्त्री यांचा ग्रंथही १९४२ मध्ये बडोदे संस्थानानेच छापला. पुढे गुंडाळ्यांची छापील पत्रे झाली, पोस्टकार्डे झाली. माध्यमे बदलली, प्रथा चालू राहिली.

या कथेत एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. कपाळ डागणारा उदायन आणि सोन्याचा पट्टा बांधणारा उदायन एकच आहे. दोन्ही कृत्ये एकाच कथेत, एकाच मोहिमेत येतात. कथा ऐकणाऱ्या समाजाला दोहोंपैकी कोणतेही उचलता आले असते. शत्रूने मूर्ती पळवली, म्हणून शत्रूचे कपाळ डागावे, असा विजयदिन पाळायला काहीच हरकत नव्हती. देवाची मूर्ती हे कारणही भक्कम होते. तसा दिवस पाळला गेला नाही. वर्षातून एकदा पाळला गेला तो क्षमेचा दिवस. कथेने आपोआप हे करविले असे म्हणता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी ही निवड केली.

आपण ज्या भागात राहतो तिथे प्रत्येक गावाच्या नावामागे दोन भाषांतल्या दोन कथा असतात. किल्ल्याच्या, बस्तीच्या, दर्ग्याच्या, पिराच्या आणि देवळाच्याही. त्यांतल्या कित्येकांत कोणी कोणाचे काहीतरी पळवलेले असते आणि कोणी कोणाला डागलेले असते. त्या कथा खोट्या म्हणून मोडीत काढता येणार नाहीत. त्या मोडल्या जात नाहीत, हे जीवंतस्वामीच्या हजारो वर्षांच्या आयुष्याने दाखवून दिले. त्यांना पुरावा समजून कुदळ उचलणे हाही मार्ग धोक्याचा, कारण कथा घेऊन खणणाऱ्याला खाली कथाच सापडते. इतिहासाच्या अभ्यासकाने तारखा, लेख, थर तपासावेत आणि कथेला कथा म्हणावे. पण त्याबरोबर हेही विचारावे, की या कथेने आजवर कोणाकडून काय करविले, आणि आता आपण तिच्यातले काय उचलणार आहोत.

बडोद्याच्या कमाटी बागेतील संग्रहालयात अकोट्याच्या मूर्ती आहेत. दीक्षेच्या उंबरठ्यावर थांबलेला मुकुटधारी राजपुत्र कोणी एका देवाने पाहिला होता का, याचे उत्तर त्या देणार नाहीत. नागीश्वरीने तो पाहिला होता. तिच्या मनातला तो राजपुत्र आज चौदाशे वर्षांहून अधिक काळ धातूत उभा आहे, आणि त्याच्याच कथेचा धागा धरून दरवर्षी भादव्यात माणसे शेजाऱ्याच्या दारात जाऊन हात जोडतात.